हेतू काय, ते लिहा

आमच्या जामखेडला रेल्वे नाही. नगरहून एस्. टी.त बसायचे, कडा-आष्टी मागे टाकायची आणि विंचरणेच्या काठी उतरायचे. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव, आणि पावसाचा भरवसा कोणत्याच अंगाला नाही. नव्या पाहुण्याला आम्ही तालुक्याची दोन मानचिन्हे आवर्जून सांगतो. एक चौंडी, जेथे १७२५ साली अहिल्याबाई होळकर जन्मल्या. दुसरे खर्डा, जेथे १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हात दाखवला. तिसरेही एक आहे, पण ते शिलालेखावर कोरलेले नाही. आमच्या खेड्यांतल्या, सही करण्यापुरतीही अक्षरओळख नसलेल्या बायकांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना आरोग्यशास्त्र शिकवले, हे ते तिसरे मानचिन्ह. त्याची हकीकत ओघाने येईलच.

मी येथे तीसएक वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. निवृत्त मास्तरला गावात दोनच कामे उरतात : लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासणे आणि लोकांचे अर्ज लिहून देणे. पहिले काम हल्ली छापखान्यांनी बंद पाडले, कारण शुद्धलेखनाची गरज कुणाला वाटेनाशी झाली. दुसरे मात्र वाढले आहे. पूर्वी माझ्याकडे विहिरीच्या अनुदानाचे आणि विजेच्या जोडणीचे अर्ज येत. आता येतात ते पदव्युत्तर प्रवेशाचे. कुणाला पुण्याला जायचे असते, कुणाला मुंबईला, आणि अधूनमधून कुणी थेट समुद्रापारचे नाव घेते.

ह्या अर्जांत बहुतेक रकाने सोपे असतात. नाव, जन्मतारीख, गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, तीन शिफारसपत्रे. सोपे म्हणतो ते लिहायला, मिळवायला नव्हे. एका विद्यापीठाच्या कचेरीतून पाकीटबंद गुणपत्रिका मिळवण्यासाठी आमच्या एका विद्यार्थ्याने चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला कारकुनाने त्याला चहा पाजला, तेव्हा त्याला वाटले की आपला प्रवेशच झाला! असो. खरा अवघड रकाना पुढे असतो. त्यात एकच गोष्ट विचारलेली असते : आपण हा अभ्यासक्रम कशासाठी करू इच्छिता? दीड पाने लिहा. मुले त्याला एस्. ओ. पी. म्हणतात. मी त्याला हेतुनिवेदन म्हणतो, आणि मुले हसतात.

यंदा श्रावणात एक मुलगी असेच दीड पान घेऊन माझ्याकडे आली. अकरावी-बारावीला ती माझ्या हाताखाली होती. पुढे बी. एस्सी. नर्सिंग करून गेली तीन वर्षे ती एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते आहे. आईबाप ऊसतोडीला जातात. मुलगी नोकरीला लागली तरी त्यांचा कोयता सुटलेला नाही. धाकट्याच्या शिक्षणासाठी घेतलेली उचल अजून अंगावर आहे. तिला करायचे होते एम्. पी. एच्., म्हणजे सार्वजनिक आरोग्यशास्त्रातली पदव्युत्तर पदवी.

दीड पान मी वाचले. इंग्रजी निर्दोष होते. लहानपणापासून मानवतेची सेवा करण्याची ओढ, जागतिक आरोग्यातील आव्हाने, आपल्या नामांकित संस्थेची उज्ज्वल परंपरा, सगळे जेथल्या तेथे. मी विचारले, "हे कुणी लिहिलं?" ती म्हणाली, "सर, संगणकाला विचारलं. एका मिनिटात दिलं." पुण्यात पूर्वी असली पाने पैसे घेऊन लिहून देणारी दुकाने होती, अजूनही आहेत. आता दुकानापर्यंतही जावे लागत नाही. पण त्या दीड पानात जामखेड नव्हते, तिचे उपकेंद्र नव्हते, आणि खुद्द तीही नव्हती. ते पान फिनलंडच्या माणसाने पाठवले असते तरी चालले असते.

त्या दिवशी मी तिच्या पानावर एकही दुरुस्ती केली नाही. तिला मी काही गोष्टी सांगितल्या. त्या आधी वाचकांना सांगतो.

पहिली गोष्ट जुनी आहे. २८ जून १८८३ रोजी अमेरिकेतल्या एका गावी बसून आनंदीबाई जोशी ह्या अठरा वर्षांच्या मराठी मुलीने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. तिच्यापाशी पदवी नव्हती, शाळेचे शिक्षण तुटक होते, आणि इंग्रजी घरी नवऱ्यापाशी शिकलेले. अशा उमेदवाराने काय लिहावे? आनंदीबाईंनी स्वतःच्या हुशारीचे गोडवे गायिले नाहीत. मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी येथवर आले, तो निश्चयच मला पुढे नेईल, असे त्यांनी कळवले. आणि कारण सांगितले ते सरळ : माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना मला औषध द्यायचे आहे. बस्स. त्याच वर्षी फेब्रुवारीत, निघण्यापूर्वी, बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले होते आणि लोक विचारीत ते सहा प्रश्न स्वतःच मांडून त्यांची उत्तरे दिली होती : अमेरिकेलाच का, एकटीच का, परत आल्यावर वाळीत टाकले तर काय, वगैरे. म्हणजे कागदावर उतरण्याआधी ते हेतुनिवेदन भर सभेत तावूनसुलाखून निघालेले होते. कॉलेजने त्यांना घेतले. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. वय एकवीस. ती जखम महाराष्ट्राच्या मनातून अजून गेलेली नाही.

मुलगी म्हणाली, "सर, आनंदीबाईंचं वेगळं. त्या पहिल्या होत्या."

म्हणून दुसरी गोष्ट मी घरचीच काढली.

रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातले. आईवडील दोघेही शिक्षक. मेबल इमॅन्युएल जबलपूरच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघे एकत्र शिकली, १९६० साली विवाहबद्ध झाली, आणि आपले आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचे असे त्यांनी ठरवले. असे बेत पुष्कळजण करतात. लग्नाच्या पहिल्या वर्षात तर हमखास करतात! पण हे दोघे १९६२ साली आमच्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात दाखल झाले आणि तेथे चार वर्षे राबले.

माझ्या मते हॉपकिन्सच्या प्रवेशाचा अर्ज ह्या चार वर्षांत लिहिला गेला. वडाळ्याला रुग्णांची रीघ होती. जुलाबाने सुकलेले मूल यायचे, बरे होऊन जायचे, आणि काही महिन्यांनी तेच मूल त्याच दुखण्याने परत यायचे. कधी यायचेही नाही. पाणी तेच, उपासमार तीच, अंधश्रद्धा त्याच. रुग्णालयाच्या खाटेवर जे बरे होत होते ते गावातल्या विहिरीवर पुन्हा बिघडत होते. ह्यातले बरेचसे दुखणे मुळात टाळता येण्याजोगे आहे, आणि ते टाळण्याचे शास्त्र आपल्याला येत नाही, हे दोघांना उमगले. चांगल्या डॉक्टरला आपल्याला काय येत नाही हे कळणे, ही माझ्या समजुतीने दुर्मिळ गोष्ट आहे.

१९६६ साली फुलब्राइटच्या साह्याने ते अमेरिकेस गेले. हिंदुस्थानात ही योजना १९५० च्या करारापासून चालू आहे, आणि तिच्यातली एक अट मला फार आवडते : शिकणाऱ्याने शिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षे तरी मायदेशी जाऊन राहावे. क्लीव्हलंडला दोघांनी वैद्यक आणि शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण घेतले. तेथे थांबले असते तर आज त्यांची नातवंडे दिवाळीला भारत पाहायला आली असती. पण ते वळले बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्याच्या शाळेकडे. १९१६ साली स्थापन झालेली ही संस्था त्या शास्त्राची काशी मानली जाते. तेथे आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग कार्ल टेलर ह्यांनी उभा केला होता. गृहस्थ १९१६ सालीच हिमालयाच्या पायथ्याशी मसुरीला जन्मलेला, मिशनरी आईबापांचा मुलगा, पंजाबातल्या नारंगवालच्या खेड्यांत संशोधन चालवणारा. अशा गुरूपुढे 'भारतातील खेडी' ह्या विषयावर हवेतल्या गप्पा चालणे शक्य नव्हते.

आणि म्हणूनच आरोळे दांपत्याचा तेथे मेळ बसला. १९६९-७० च्या त्या वर्षात इतर विद्यार्थी परीक्षेसाठी शिकत होते. हे दोघे एका ठरावीक दुष्काळी मुलखासाठी शिकत होते. जेथे जायचे तेथल्या कामाचा आराखडा त्यांनी तेथेच बांधला. वर्गात आकडेशास्त्र शिकवले की वडाळ्याच्या मुलांचे चेहरे समोर. प्रश्न खिशात घेऊन वर्गात बसणारा विद्यार्थी आणि प्रश्न मिळेल म्हणून वर्गात बसणारा विद्यार्थी, ह्यांच्यातला फरक मी तीस वर्षे रोज पाहिला आहे.

१९७० साली ते आले, आणि आले ते जामखेडला. येथे पुन्हा एक प्रवेशअर्जच झाला म्हणा ना! फक्त विद्यापीठाच्या जागी गाव होते. गावकऱ्यांनी बोलावल्याशिवाय जायचे नाही असा त्यांचा नियम होता. आमच्या पुढाऱ्यांनी बोलावले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याची पडीक जागा दिली. माणसांचे डॉक्टर गुरांच्या दवाखान्यात बसले, ह्यावर गावाने काय काय विनोद केले असतील ते सांगायला नको.

पुढचा भाग आता जगाच्या पुस्तकांत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात मुक्कामाला टिकेनात. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवावे असे ठरले. ह्या बायका बहुतेक निरक्षर, काही दलित, काही टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, जाऊन गावाला शिकवायच्या. गरोदर बाईचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, महारोग्याला हात लावणे. १९७२ च्या दुष्काळात मुलांच्या अन्नाची आणि पिण्याच्या पाण्याची सोय करताना दवाखान्याच्या भिंती आपोआप गळून पडल्या. १९७१ साली ह्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. पुढच्या दोन-अडीच दशकांत तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण होते. १९७८ साली आल्मा-आट्याला राष्ट्रे जमून 'सर्वांसाठी आरोग्य' म्हणाली, तेव्हा त्यांच्यापुढे असलेल्या थोड्याच नमुन्यांत आमचे जामखेड होते. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम चालू आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या तुकड्या जामखेडला शिकायला येत आल्या आहेत. वर्गात समोर उभी असते ती लुगड्यातली बाई. तिला शिकवायला कुणाचे हेतुनिवेदन लागले नाही.

हॉपकिन्सच्या त्याच टेलरसाहेबांच्या वर्गात पुढे आणखी एक मराठी जोडपे बसले : डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. तेही कोरी पाटी घेऊन गेले नव्हते. रोजगार हमीच्या मजुराला किती मजुरी मिळाली म्हणजे त्याचे पोट भरेल, ह्याचा हिशेब अभय बंग जाण्यापूर्वीच मांडून बसले होते. १९८४ साली पदवी, १९८६ साली गडचिरोली. आणि नवजात बालकांना गावातच वाचवण्याची त्यांची पद्धत १९९९ साली 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने जगापुढे ठेवली.

इतके सांगून मी थांबलो. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, माझ्यापाशी एक रजिस्टर आहे."

रजिस्टर म्हणजे उपकेंद्राचे. त्यात गरोदर मातांना रकाना आहे, बाळंतपणाला आहे, लशींना आहे, रक्तदाब-साखरेला आहे. पण तिच्याकडे चाळिशीच्या आतबाहेरच्या बायका येतात, कंबर धरून, अंगाची आग होते म्हणून, झोप नाही म्हणून. विचारले की कळते, "पिशवी काढलीया." किती वर्षे झाली? दहा, बारा, पंधरा. म्हणजे पंचविशी-तिशीत गर्भाशय काढलेले. तिच्या रजिस्टरात ह्याला रकानाच नाही. तिने शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने स्वतः रेघा मारून तो पाडला होता.

ऊसतोडीचा व्यवहार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती तोडून फेडायची. एक दिवस बसले की खाडा, म्हणजे दंड. पाळी, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, ह्यांना त्या हिशेबात जागा नाही. त्यावर कुणीतरी सांगते की पिशवी काढली की कटकट गेली. वर कर्करोगाची भीती घालतात. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली हा प्रकार उजेडात आला. सरकारी समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी करविली, तेव्हा १३ हजारांवर बायकांची गर्भाशये काढलेली आढळली.

"काढली किती, ते मोजलं," मुलगी म्हणाली. "नंतर त्यांचं काय होतं, ते मला मोजायचंय. पण कसं मोजतात ते मला येत नाही."

मी म्हटले, "हे लिही."

ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, "त्या यादीत आई आहे."

आता मोठा पेच पडला. आईचे दुखणे परदेशातल्या निवड समितीपुढे मांडावे का? मला विचाराल तर प्रवेशअर्जांच्या ह्या पद्धतीत मला खुपते ते हेच. जो उमेदवार आपली जखम चांगली उघडी करून दाखवील त्याला गुण अधिक, असे व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडे केंद्रीय विद्यापीठांनी २०२२ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी सामायिक परीक्षा आणली आहे. तेथे निदान हा प्रकार नाही, पर्यायांपुढे खूण करा आणि गप्प बसा. पण त्या खुणांतून ही मुलगी आणि शिकवणीवर्गातला मुलगा ह्यांतला फरक कळायचा कसा? दोन्हीकडे पाणी गढूळच. मी तिला म्हटले, "आईला विचार."

ती आईलाच घेऊन आली. बाई ओट्यावर टेकल्या, मुलीने मराठी करून वाचून दाखवलेले ऐकले आणि मला म्हणाल्या,

"सर, ह्ये लिव्हलं की जागा भेटती व्हय?"

"भेटेलच असं नाही. पण वाचणाऱ्याला कळेल, ही कशासाठी चालली ते."

"पंधरा वरसांत मला कुनी इचारलं न्हाई. अन् त्या सायबाला कशापायी कळाय पायजे?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्या मुलीकडे वळल्या. "लिव्ह. पर माझं नाव नगं घालू. अन् रडकं लिव्हू नगंस. आपुन भीक मागत न्हाई."

नव्या दीड पानात आईसाठी दोन वाक्ये आहेत. बाकी सगळे रजिस्टरवर : तीन वर्षांत अशा किती बायका आल्या, काय सांगत आल्या, काय विचारायचे राहिले, काय शिकले म्हणजे ते विचारता येईल. इंग्रजी पहिल्यापेक्षा ओबडधोबड आहे. मी फक्त क्रियापदे सरळ केली.

तिसरे शिफारसपत्र माझ्या वाट्याला आले. तेथे छापील प्रश्न असतो : हा उमेदवार आपल्या विद्यार्थ्यांपैकी वरच्या किती टक्क्यांत बसतो? ह्या प्रश्नाचे मला नेहमी हसू येते. माणसे काय उसाच्या मोळ्या आहेत? पण मोळ्यांवरूनच मला लिहायचे सुचले. बारावीत असताना ही मुलगी सुट्टीत टोळीबरोबर फडावर गेली होती. तेथे तिने वहीत रोजच्या गाडीचे वजन टिपले आणि हंगामाअखेर मुकादमाच्या हिशेबाशी ताडून पाहिले. फरक निघाला, आणि सतरा वर्षांच्या पोरीने पावत्या पुढे ठेवून तो टोळीला मिळवून दिला. ती वही तिने मला दाखवली होती. नर्सिंगमधले मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा मी पत्रात त्या वहीबद्दल लिहिले आणि टक्क्यांचा रकाना मुकाट्याने भरला.

राहिला पैशाचा प्रश्न. अर्ज तिने तीन केले, दोन देशातले आणि एक परदेशी. परदेशी खर्च फी आणि राहणे धरून पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. तिने हिशेब मांडला. जानेवारी २०२४ च्या करारानंतर तोडणीला टनामागे सुमारे ३६६ रुपये मिळतात; एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले आणि हंगाम दीडशे दिवसांचा धरला, तर पन्नास लाखांना पंचेचाळीस हंगाम लागतात. कागद माझ्यापुढे सरकवून ती हसली. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे, फुलब्राइट आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर परदेश, नाही तर देशातला अभ्यासक्रम, असे तिने ठरवले आहे. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, आणि शिकून आल्यावर दहा वर्षे नोकरीचा करार लिहून देऊन. तिला कुणी असा करार मागितला तर? मी विचारले. "जामखेडचा असेल तर आत्ता सही करते," ती म्हणाली.

निकाल फेब्रुवारी-मार्चपर्यंत लागायचे. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. फराळाचे द्यायला मायलेकी परवा आल्या होत्या, तेव्हा आईने विचारले, "कागुद कवा येतो म्हनलात?"

"फाल्गुनाच्या सुमारास."

"तवा आमी कोल्हापूरकडं." मग मुलीला म्हणाल्या, "माझ्या फोनला तिकडं चार्जिंग नसतंय. मुकादमाच्या फोनवर लाव. अन् रातीचा लाव. दिसा फडात काय ऐकू येत न्हाई."